किमो संपली, पोट अजून ताळ्यावर नाही: जठराच्या कर्करोगानंतर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आहारतज्ज्ञ आहे. जठराच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि किमो झालेल्या माणसांशी, त्याहून जास्त त्यांच्या बायका-मुलींशी-सुनांशी, माझं रोज बोलणं होतं. तपासणीच्या खोलीत डॉक्टरांनी विचारलं की पेशंट ‘बरं आहे’ म्हणतात. बाहेर माझ्या टेबलाशी बसले की हळूच आवाज उतरतो आणि संडासच्या गोष्टी निघतात. खालचे प्रश्न त्या टेबलावरचे आहेत. औषधांची नावं आली आहेत ती ओळख असावी म्हणून. कुणाला कोणतं, किती, हे तुमचे डॉक्टरच ठरवतील.

शेवटची किमो होऊन आठ महिने झाले. अजून पोट बिघडतं. किमोची गरमी उतरायला एवढा वेळ लागतो का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि ‘गरमी’ या शब्दाशी माझं जुनं भांडण आहे.

आतड्याच्या आतलं अस्तर दर तीन ते पाच दिवसांनी नवं होत असतं. किमोची औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात, त्यात कर्करोगाबरोबर हे अस्तरही सापडतं. म्हणून फ्लूरोयुरॅसिल, कॅपेसिटाबिन, डोसेटॅक्सेल चालू असताना तोंड येतं, जुलाब होतात, चव जाते. पण अस्तर ज्या वेगाने झिजतं त्याच वेगाने भरूनही येतं. शेवटच्या डोसानंतर काही आठवड्यांत बहुतेकांचा हा त्रास उतरणीला लागतो. आठ महिने टिकलेल्या त्रासामागे बहुधा दुसरं काही असतं: शस्त्रक्रियेने बदललेली अन्नाची वाट, वेळेवर न पोचणारा स्वादुपिंडाचा रस, आतड्यात वाढलेले जंतू, पित्त, दूध. यातल्या प्रत्येकाला वेगळा उपाय आहे.

गोंधळ होण्याचं कारणही समजण्यासारखं आहे. ‘फ्लॉट’ नावाच्या प्रचलित पद्धतीत दर दोन आठवड्यांनी एक अशा चार किमो आधी, मग शस्त्रक्रिया, मग पुन्हा चार किमो असतात. पोट नव्या रचनेत जेवायला शिकत असतं त्याच महिन्यांत सलाईन चालू असतं. मग घरात सगळाच दोष किमोवर जातो. आणि गरमी म्हटलं की उतारा ठरलेला: गुलकंद, उसाचा रस, साखर घातलेलं थंड दूध, सरबत. नेमकं हेच या पोटाला सगळ्यात जास्त छळतं.

पोट काढलं म्हणजे अन्न जातं कुठे?

गच्चीवरची टाकी काढून नळ थेट मुख्य लाइनीला जोडला, असं समजा. पाणी येतं, पण कधी धो धो, कधी नाही.

जठराची कामं तीन: अन्न साठवणं, घुसळणं आणि थोडं थोडं पुढे सोडणं. पूर्ण जठर काढलं की अन्ननलिकेला छोट्या आतड्याची कड जोडतात आणि पित्त व स्वादुपिंडाचा रस आणणारा भाग खालच्या बाजूला इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा जोडतात. रू या स्विस सर्जनच्या नावावरून ही जोडणी ओळखली जाते. खालचा भागच काढला असेल तर वरचा तुकडा राहतो आणि त्रास सहसा सौम्य असतो.

जठराशिवाय माणूस जगतो यावर पुष्कळांचा विश्वास बसत नाही. व्हिएन्नात बिलरोट यांनी २९ जानेवारी १८८१ रोजी जठराचा कर्करोगग्रस्त भाग पहिल्यांदा यशस्वीपणे काढला, आणि झ्युरिकमध्ये श्लाटर यांनी १८९७ साली एका बाईंचं संपूर्ण जठर काढलं; त्या पुढे वर्षभराहून अधिक जगल्या. म्हणजे ही गोष्ट शंभरहून जास्त वर्षांची जुनी आहे.

जेवण झालं की वीस मिनिटांत घाम सुटतो, छाती धडधडते, आडवं व्हावंसं वाटतं. हार्टचं काही आहे का?

हृदयाची तपासणी एकदा करून घ्या, त्यात नुकसान नाही. पण वेळ जेवणाशी एवढी बांधलेली असेल तर याला ‘डम्पिंग’ म्हणतात. अन्न, विशेषतः गोड आणि पातळ, एकदम आतड्यात ओतलं जातं. त्यात साखर दाट विरघळलेली असल्यामुळे शरीरातलं पाणी आतड्याकडे ओढलं जातं; पोटात कळ, गुडगुड, पातळ संडास आणि वरून घाम, चक्कर, धडधड. जेवणानंतर दहा ते तीस मिनिटांत हे होतं.

सातारा जिल्ह्यातले एक काका माझ्याकडे यायचे. एसटीत ड्रायव्हर होते, त्यामुळे वेळेच्या नोंदी करायची सवय हाडात. मी वही लिहायला सांगितली तर त्यांनी लॉगबुकच केलं. एक पान असं होतं: ‘७.१० चहा, ४ बिस्किटं. ७.३० धडधड, घाम. ७.५० संडास पातळ. ११.०० अंडं १, भाकरी पाव. काही नाही. ४.०५ नातीच्या वाढदिवसाचा केक, कोल्ड्रिंक अर्धा ग्लास. ४.२० पडून राहिलो.’ मला बोलायला काही उरलंच नव्हतं. काकूच म्हणाल्या, “म्हणजे केमिकलचं नव्हं, चहा-बिस्किटाचं दुखणं हाय हे.”

करायचं ते असं. दिवसाचं जेवण सहा ते आठ वेळांत वाटा. एका वेळी नाश्त्याच्या बशीत मावेल एवढंच. जेवताना पाणी, ताक, पातळ आमटी नको. पाणी जेवणाआधी अर्धा तास किंवा नंतर अर्ध्या-पाऊण तासाने, घोट घोट. साखर, गूळ, मध, फळांचे रस, शिरा, गुलाबजाम बाजूला ठेवा. प्रत्येक खाण्यात प्रथिनाचं काहीतरी हवंच: अंडं, मासा, पनीर, घट्ट मुगाचं वरण, चक्का. आणि चावा. ज्या कामाला जठर होतं ते आता दातांनी करायचं आहे. जेवल्यावर वीस-तीस मिनिटं टेकून बसलं किंवा पडलं तरी या त्रासात आराम पडतो. फक्त घशाशी येण्याचा त्रास असेल तर अगदी सपाट पडू नका.

चहा अजिबात सोडायचा का? नाही हो. बिनसाखरेचा, अर्धा कप, खाण्यापासून वेगळा.

माझा त्रास उलटा आहे. जेवल्यावर ठीक असतं, दोन तासांनी हातपाय कापतात आणि डोळ्यांपुढे अंधारी येते.

हे डम्पिंगचं उशिरा येणारं भावंड. साखर रक्तात झपाट्याने चढते, शरीर घाबरून जास्त इन्सुलिन सोडतं आणि एक ते तीन तासांनी साखर गरजेपेक्षा खाली जाते. घरात ग्लुकोमीटर असेल तर त्या क्षणी तपासा आणि आकडा लिहून ठेवा. ७० च्या खाली असेल तर डॉक्टरांच्या दृष्टीने तो पुरावा आहे. तेव्हापुरती थोडी साखर किंवा ग्लुकोज घ्यायचं, पण तिथेच थांबायचं नाही. दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा आणि सावरल्यावर भाकरीचा तुकडा आणि अंडं असं टिकणारं काहीतरी खा, नाहीतर तीच जत्रा पुन्हा भरते. आहार सांभाळूनही होत असेल तर त्यावर गोळ्या आहेत.

आधीपासून मधुमेह असलेल्यांनी जुन्या गोळ्या किंवा इन्सुलिन जुन्याच मापाने चालू ठेवू नये. खाणं निम्म्यावर आलं, वजन उतरलं, तरी डोस तोच, असं मी कितीतरी वेळा पाहिलं आहे. ही दुरुस्ती डॉक्टरांकडून लवकर करून घ्या.

दूध चालेल का?

काही महिने नसेल चालत. किमोने अस्तर झिजतं तेव्हा दुधातली साखर पचवणारा पाचकरसही कमी होतो. दही आणि पनीर बहुतेकांना पचतं, ताकही, पण दोन जेवणांच्या मधल्या वेळात. दोन आठवडे दूध बंद करून पाहा, मग पाव कपाने परत सुरू करा.

संडासला चिकट, फिकट, घाण वासाचं होतं. पाणी टाकलं तरी जात नाही.

याबद्दल लोक बोलायला लाजतात, आणि एवढ्यानेच वर्ष वाया जातं. वर तेलाचा तवंग दिसतो का, तरंगते का, हे बघा. असेल तर खाल्लेलं तूप-तेल अंगी न लागता तसंच बाहेर पडतंय. नव्या जोडणीत अन्न पुढे निघून जातं आणि स्वादुपिंडाचा रस मागून येतो. दोघांची गाठच पडत नाही. त्यामुळे माणूस पोटभर खाऊनही वाळतो.

यावर स्वादुपिंडाच्या पाचकरसाच्या कॅप्सूल मिळतात, पँक्रिएटिन नावाच्या. त्या घ्यायची वेळ महत्त्वाची: पहिल्या घासाबरोबर, आणि जेवण लांबलं तर उरलेल्या मध्येच. जेवण झाल्यावर औषधाच्या डब्यातून काढून घेतली तर अन्न केव्हाच पुढे गेलेलं असतं. ‘घेतल्या, पण उपयोग नाही’ म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण जेवणानंतर घेत असतात. एक गोष्ट आधीच सांगते, कारण नंतर कळली की लोकांना वाईट वाटतं: ही औषधं डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात. शाकाहारी आणि मुस्लिम कुटुंबांनी हे डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलून ठरवावं. औषध म्हणून बरेच जण स्वीकारतात, पण निर्णय त्यांचा असावा.

आणि हो, तवंग दिसला म्हणून तूप-तेल पूर्ण तोडू नका. वजन आणखी उतरेल.

पोट नगाऱ्यासारखं फुगतं. डाळ बंद करू?

हरभरा, वाटाणा, राजमा, कोबी, कच्चा कांदा तूर्त बंद. सालीशिवायची मूगडाळ ठेवा, हिंग-जिरं घालून घोटून. ओवा चालतो. घाईघाईने गिळलं की वाराही आत जातो, तेही पाहा.

पण चार-सहा आठवडे असं करूनही फुगणं, पातळ संडास आणि उतरणारं वजन तिन्ही एकत्र राहिलं तर छोट्या आतड्यात जंतूंनी वस्ती केली असण्याची शक्यता असते. जठरातलं आम्ल जंतूंना मारत होतं, ते आता नाही. शिवाय जोडणीत एक भाग गल्लीसारखा बाजूला राहतो. श्वासाची तपासणी करतात, किंवा थेट ठरावीक दिवसांचं प्रतिजैविक देऊन बघतात. गुण आला तर आठवड्या-दोन आठवड्यांत कळतो. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने प्रतिजैविक आणू नका, कारण त्यानेही वेगळे जुलाब लागतात.

जुलाब थांबवायची गोळी घ्यावी का?

ताप नाही, रक्त नाही आणि डॉक्टरांनी आधी सांगितलेलं असेल तर लोपेरामाइड चालतं. ताप किंवा रक्त असेल तर नाही. किमो अजून चालू असताना जुलाब लागले तर घरी प्रयोग न करता रुग्णालयात फोन करा, विशेषतः कॅपेसिटाबिनच्या गोळ्या चालू असतील तर. पुढची गोळी घ्यायची की थांबायची हे त्यांना विचारूनच.

पिवळं, जळजळणारं पाणी पहाटे होत असेल तर ते पित्ताचं असू शकतं. त्यासाठी पित्त बांधून ठेवणारी पूड मिळते, तिचा फरक पटकन दिसतो.

पाण्यासाठी ओआरएस, पाकिटावर लिहिलेल्या मापातच, बहुतेक पाकिटं एक लिटरची असतात. घोट घोट. ओआरएसच्या जागी फळांच्या चवीची गोड पेयं घेऊ नका, त्याने जुलाब वाढतात.

आणि बद्धकोष्ठ?

तेही होतं. दुखण्याच्या गोळ्या, लोहाच्या गोळ्या, उलटी थांबवणारी गोळी आणि कमी पाणी, ही चार कारणं आधी तपासा. इसबगोल घ्यायचंच तर पुरेशा पाण्याबरोबर आणि जोडणी अरुंद नाही याची खात्री करूनच.

रात्री कडू पाणी घशाशी येतं. ॲसिडिटीच्या गोळीने काहीच होत नाही.

पूर्ण जठर काढलं असेल तर आम्ल बनवणारं यंत्रच गेलं. मग सकाळी उपाशीपोटी पँटोप्राझोल घेऊन ती काय अडवणार? येतंय ते पित्त आहे. ज्यांचा वरचा तुकडा शिल्लक आहे त्यांना मात्र या गोळ्या लागू शकतात, म्हणून विचारल्याशिवाय बंद करू नका.

रात्रीचं खाणं झोपण्याआधी अडीच-तीन तास संपवा. नुसत्या उशा वाढवून मान वाकते आणि पोट दबतं. त्यापेक्षा खाटेच्या उशाकडच्या पायांखाली एकेक वीट ठेवा. अस्तरावर थर धरणारी पातळ औषधं आहेत, ती डॉक्टर देतात.

बाबांना भूकच लागत नाही. आम्ही मागे लागतो, ते चिडतात. काय करायचं?

‘घेरलिन’ नावाचं भूक लावणारं संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होतं. जठर गेलं की ते बरंच घटतं. बाबा हट्ट करत नाहीत. त्यांना भुकेचा निरोपच येत नाही. ही एवढी माहिती घरातल्या सगळ्यांना सांगा, अर्धी भांडणं मिटतात.

भुकेची वाट न पाहता घड्याळ लावा. मोबाइलवर दर अडीच तासांनी गजर. गजर वाजला की चार घास. मोठं ताट वाढूच नका, भरलेलं ताट बघूनच पोट भरतं. छोटी वाटी, छोटा चमचा. आणि मागे लागायचं काम घरात एकानेच करावं. सून, मुलगा, मुलगी, आत्या सगळेच ‘थोडं घ्या ना’ म्हणायला लागले की माणूस स्वयंपाकघराकडे फिरकत नाही.

एक छोटी गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. वजन उतरलं की कवळी सैल होते. मग चावता येत नाही, मग मऊ आणि गोड खाल्लं जातं, मग डम्पिंग. कवळी दुरुस्त करून एका आजींचे तीन त्रास गेलेले मी पाहिले आहेत.

वजन किती उतरणं ठीक?

पूर्ण जठर काढल्यावर आधीच्या वजनाचा दहावा हिस्सा, कधी पाचवाही, जातो आणि बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत. पुढे ते स्थिरावायला हवं. आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी.

भरीसाठी मेतकूट-भातावर चमचाभर तूप, बारीक कुटलेली शेंगदाण्याची चटणी, नाचणीची आंबील (घट्ट, बिनगुळाची), अंडाभुर्जी, उकडलेला मासा. ज्वारीची भाकरी मऊ, दुपोडी काढून. प्रथिनाची पूड घ्यायची तर डब्यावर साखर किती आहे ते वाचून. शेवग्याची शेंग, संत्र्याच्या फोडीवरची पांढरी साल, फणस, असं धाग्याचं काही गिळू नका. राहिलेल्या जठरात त्याचा गोळा होऊन अडकू शकतो.

बी-१२चं इंजेक्शन किती दिवस?

पूर्ण जठर काढलेल्यांना जन्मभर. बी-१२ शोषायला लागणारं प्रथिन जठरातच बनतं. यकृतात काही वर्षांचा साठा असतो म्हणून सुरुवातीला काहीच जाणवत नाही आणि लोक इंजेक्शन सोडतात. शाकाहारी माणसाचा साठा मुळात तोकडा.

इथे एक फसवी जागा आहे. ऑक्सॅलिप्लॅटिन या किमोच्या औषधाने हातापायांना मुंग्या आणि बधिरपणा येतो, तो किमोनंतर महिनोन्‌महिने राहतो. बी-१२ कमी पडलं तरी अगदी तेच होतं. ‘किमोच्या मुंग्या आहेत, जातील’ म्हणत बसू नका, रक्त तपासा. उशीर झाला तर नसांचं नुकसान पूर्ण भरून येत नाही.

लोहही नीट शोषलं जात नाही. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहाबरोबर नको; तरी हिमोग्लोबिन चढत नसेल तर शिरेतून देता येतं. कॅल्शियम घ्यायचं तर सायट्रेट, कारण कार्बोनेटला आम्ल लागतं. लोह आणि कॅल्शियम एका वेळी नको.

एकादशी करू का?

दिवसभर उपाशी आणि मग साबुदाण्याची खिचडी व केळं, याहून उलट आहार या पोटाला सुचवणं कठीण आहे. साबुदाण्यात नुसता पिठूळ भाग, प्रथिन जवळजवळ नाही. देवाचं करायचंच असेल तर भगर आणि दाण्याची आमटी, दही, पनीर असं थोडं थोडं, दर अडीच तासांनी. एका माळकरी आजोबांनी मला सांगितलं, “विठ्ठलाला सांगितलंय, डॉक्टरांची चिठ्ठी आहे म्हणून.” मी त्यांचं उत्तर आता सगळ्यांना सांगते.

काढे, गव्हांकुराचा रस, गोमूत्र?

आलं, जिरं, ओवा, हिंग हे स्वयंपाकातलं, ते चालू द्या. बाकीचं किमो चालू असेपर्यंत नको, आणि नंतरही बाटली डॉक्टरांना दाखवून. त्रिफळ्याने आधीच सैल असलेलं पोट आणखी सुटतं. कच्च्या रसात जंतूंचा धोका असतो. शेजारच्या कुणाला गुण आला असेल, पण त्याचं जठर जागेवर आहे.

कोणत्या गोष्टींसाठी पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही?

कळा येऊन येऊन पोट दुखणं, उलट्या आणि वारा-संडास बंद: त्याच दिवशी तातडीच्या विभागात, कारण अशा जोडणीनंतर आतडं पिळून अडकू शकतं. डांबरासारखी काळी संडास (लोहाच्या गोळीनेही काळी होते, पण डांबरासारखी चिकट नाही) किंवा रक्ताची उलटी. ताप. डोळे पिवळे होणं. घास छातीत अडकायला लागणं. जोडणी आकसली असेल तर दुर्बिणीतून फुग्याने रुंद करता येते. पोटात पाणी भरल्यासारखी वाढ. आणि स्थिर झालेलं वजन विनाकारण पुन्हा उतरायला लागणं. शेवटच्या दोन गोष्टींमध्ये आजार परतला नाही ना हेही पाहावं लागतं. ते ऐकायला जड जातं, म्हणून लोक टाळतात.

तपासणीला जाताना काय न्यायचं?

डिस्चार्ज कार्ड आणि शस्त्रक्रियेचा कागद, ज्यावर जठर पूर्ण काढलं की अर्धवट हे लिहिलेलं असतं. गावच्या डॉक्टरांसाठी त्याची झेरॉक्स. चालू औषधं पिशवीसकट, काढ्याच्या बाटल्यांसह. वजनाचे आकडे. आणि दोन आठवड्यांची वही: काय खाल्लं, किती वाजता, त्यानंतर काय झालं, संडास कशी. दहा मिनिटांच्या भेटीत आठवून सांगायला जमत नाही, वही पुढे केली की डॉक्टर स्वतः वाचतात.

काकांचं लॉगबुक माझ्याकडेच राहिलं आहे. त्यांनी दुसरी वही सुरू केली आहे, पण तिच्यात आता कधी कधी तीन-चार दिवस काहीच लिहिलेलं नसतं.